दुसऱ्यांच्या आवडीची पुस्तकं

रविवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, घर जागच्या जागी आहे आणि कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुला पत्र असं मी आयुष्यात एकदाच लिहिलं, तू शिकायला वसतिगृहात गेलास तेव्हा, आणि त्यातही गरम कपडे घालत जा यापलीकडे काही नव्हतं. आता दर रविवारी आपण फोनवर बोलतो. तू विचारतोस, ताई कशी आहेस; मी म्हणते, बरी आहे. मग तू तिकडच्या हवेचं सांगतोस, मी इकडच्या हवेचं सांगते, आणि पाच मिनिटांत दोघंही सुटतो. आज जे सांगायचंय ते त्या पाच मिनिटांत मावणारं नाही. शिवाय फोनवर मी मध्येच भलतंसलतं बोलून बसेन आणि तू 'बरं' म्हणून गप्प होशील. तुझं ते 'बरं' मी चांगलं ओळखते. तेव्हा चहा घे, नीट बस, आणि शेवटपर्यंत वाच.

सुरुवात माझ्या डोळ्यांपासून झाली. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तू येतो म्हणाला होतास आणि मीच नको म्हटलं होतं. आधी उजवा डोळा, मग दहा दिवसांनी डावा. डॉक्टरांनी वाचायला साफ बंदी केली. पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा नाही. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास जरा कमी घ्या म्हणण्यासारखं. पहिले दोन दिवस मी काळा चष्मा लावून खोलीतल्या भिंती मोजत बसले. त्या चारच निघाल्या.

वरच्या मजल्यावरचे कंडक्टर तुला आठवत असतील. आयुष्यभर बसमध्ये उभं राहून थांबे पुकारले, त्यामुळे घरातही तसेच बोलतात. गेली नऊ वर्षं मी त्यांच्या रेडिओबद्दल तक्रार करत आले होते. पण माझ्या डोळ्यांत थेंब घालायला त्यांची बायको दिवसातून चारदा न चुकता खाली यायची. तिसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग ते स्वतःही आले. म्हणाले, "ताई, कंटाळा आला असेल. हे वाचून दाखवू का?" त्यांच्या हातात एक रहस्यकथा होती, वाचून वाचून फुगलेली. असलं काही मी वाचत नाही, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काळा चष्मा लावून बसलेल्या माणसाला निवडीला फारसा वाव नसतो. मी म्हटलं, वाचा.

काय सांगू तुला! बंद दुकानात एका घड्याळजीचा खून झालेला असतो, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली असतात. कंडक्टर प्रत्येक वाक्य पुढचा थांबा आल्यासारखं पुकारायचे, मध्येच पात्राला दम द्यायचे, "अरे गाढवा, मागे बघ की!" मी आधी नाक मुरडून ऐकत होते, मग नुसती ऐकत होते, मग खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. गुप्तहेर एका पेटीचं झाकण उचलतो, आणि नेमकं तिथे कंडक्टर पुस्तक मिटून उठले. साडेसात वाजले होते आणि त्यांच्या जेवणाची वेळ एक मिनिटही हलत नाही. मी म्हटलं, "अहो, पेटीत काय आहे ते तरी सांगून जा!" तर जिन्यातून आवाज आला, "मीही पहिल्यांदाच वाचतोय, ताई. उद्या दोघांना मिळून कळेल." दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच मी वर जाणाऱ्या पाइपावर डाव वाजवून त्यांना बोलावलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी ते पुस्तक त्यांच्याकडून मागून आणलं, सगळं पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं म्हणून. पहिलं पान उघडलं. सहा चुका. चार ऱ्हस्वदीर्घाच्या, एक शब्द दोनदा पडलेला, आणि एक अवतरणचिन्ह उघडून तसंच सोडून दिलेलं. पुढच्या पानावर पाच. दहाव्या पानापर्यंत मी एकोणचाळीस चुका शोधल्या होत्या आणि घड्याळजीचं दुकान कुठल्या कुठे नाहीसं झालं होतं. जी टिकटिक मी दोन आठवडे ऐकत होते ती ऐकू येईना. पुस्तक तेच, गोष्ट तीच, फक्त आता माझे डोळे मध्ये आले होते. मी ते मिटून मांडीवर ठेवलं. आपण आजवर असंच वाचत आलो की काय, हा विचार काही केल्या जाईना.

मग मी वाचनालयात गेले. तिथे आता एक तरुण ग्रंथपाल आली आहे, केस अगदी बारीक कापलेली, बोलायला फटकळ. मी माझं नेहमीचं पुस्तक पुढे केलं. तिने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे तुम्ही नवव्यांदा नेताय. आता याला तुमच्याच घरी राहायला पाठवू का?" मी म्हटलं, दाखव बघू काय काय आहे तिथे. तिने पडदा माझ्याकडे वळवला. अकरा वर्षांतली माझी सगळी पुस्तकं, आणि वेगवेगळी म्हणशील तर जेमतेम दोन डझन. सगळी जुन्या प्रकाशकांची, नीट तपासून छापलेली, जिथे माझ्या डोळ्यांना ठेच लागणार नाही अशी. लोकांसमोर मी त्यालाच 'माझी अभिरुची' म्हणत आले होते. ती मुलगी काही वाईट हेतूने बोलली नव्हती, पण मला भरदुपारी लाज वाटली. पुस्तक तिथेच ठेवून मी रिकाम्या हाताने घरी आले.

त्या संध्याकाळी एक उपक्रम ठरवला. हसू नकोस. स्वतः पुस्तक निवडायचंच नाही. दर महिन्याला एका माणसाला विचारायचं, तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं? आणि तो सांगेल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. मग त्या माणसाकडे परत जाऊन त्यातली आपल्याला आवडलेली एक तरी गोष्ट सांगायची. चुका सांगायच्या नाहीत. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. पहिले काही महिने मी उजवा हात मांडीखाली दाबून वाचत होते, नाहीतर तो आपला आपणच पेन शोधायला निघायचा.

पहिला नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांचा. तपासणी चालू असताना विचारलं तेव्हा ते गडबडले. आधी कुणा पेशंटने त्यांना असं काही विचारलं नसावं. त्यांनी हिमशिखरावर अडकलेल्या गिर्यारोहकांची हकिगत सांगितली. मला तर दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, मी कशाला वाचतेय हे, असं म्हणत उघडलं आणि तीन दिवस अंगावर शाल घेऊन वाचलं. एकजण आपला उजवा हातमोजा दुसऱ्याला देतो, आणि खाली उतरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना त्या हातमोज्याबद्दल सांगितलं, तर बाहेर रांग खोळंबलेली असताना ते दहा मिनिटं माझ्याशी डोंगरांबद्दल बोलत बसले. एवढी वर्षं त्यांच्याकडे जातेय, पण ते तरुणपणी डोंगर चढायचे आणि गुडघा मोडल्यावर थांबले, हे मला तेव्हा कळलं.

सगळंच असं गोड झालं असं नाही. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी 'जिंकायचं कसं' छापाचं एक पुस्तक दिलं. ते वाचताना मी किती वेळा उठून पाणी प्यायले ते मलाच ठाऊक. शेवटी त्यांना जाऊन काय चांगलं सांगावं हा प्रश्न पडला. म्हटलं, अक्षर मोठं आहे, डोळ्यांना त्रास होत नाही. तेवढ्यावर ते इतके खूश झाले की दुसरा भाग घेऊन आले! लिफ्ट दुरुस्त करायला येतो त्या माणसाने प्रेमाच्या कविता सुचवल्या. एवढा आडदांड माणूस, हात कोपरापर्यंत वंगणाने माखलेले, आणि दोन कविता त्याने लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून मला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आणि जिना झाडायला येते ती बाई. तिला विचारलं तर झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "मला कुठे वाचता येतं, ताई?" मी ओशाळले. तर तीच म्हणाली, "पण माझी आई एक गोष्ट सांगायची, ती चालेल का तुमच्या त्यात?" ती एका हरवलेल्या म्हशीची गोष्ट होती. आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि तिने पाऊण तास ती रंगवून सांगितली, म्हशीचा आवाज काढून, जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट देत. माझ्या वहीत त्या महिन्याच्या पानावर पुस्तकाचं नाव नाही, 'तिच्या आईची म्हैस' एवढंच लिहिलं आहे.

माझ्यात काय बदल झाला म्हणून विचारशील, तर डोळे अजून चुका पकडतातच. चौतीस वर्षांची सवय ती. पण आता चूक दिसली तरी तिच्यापाशी मी थांबत नाही. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसावा आणि आपण मान हलवून पुढे जावं, तसं काहीसं झालंय. आणि माणसांशी बोलायला लागलेय. कंडक्टरांच्या घरी रेडिओ मोठ्याने लागला की मी आता वर जाऊन ऐकत बसते.

तर हे सगळं चालू असताना तुझी बारकी तिच्या प्रशिक्षणासाठी माझ्याकडे दोन आठवडे राहायला आली. पोरगी गुणी आहे हो तुझी. सकाळी उठून माझ्याआधी चहा करायची, आणि माझे चष्मे कुठे राहिलेत ते मला विचारण्याआधीच आणून द्यायची. एके संध्याकाळी तिच्या हाती माझी ती वही लागली. पानं उलटता उलटता हसत होती, म्हशीपाशी तर पोट धरून हसली. मग म्हणाली, "आत्या, सगळ्या जगाला विचारलंस, मला नाही विचारलंस?" मी म्हटलं, बरं, तुला विचारते. तुझं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं? तर ती उठून बेसिनकडे गेली. नळ उघडला, बंद केला, परत उघडला. शेवटी माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "देईन. पण घरी गेल्यावर पाठवीन. आणि तू तुझ्या नियमाप्रमाणे शेवटपर्यंत वाचायचंस. कबूल?" मी कबूल केलं. मला वाटलं, काहीतरी आगाऊ असेल, आत्याला दाखवायची लाज वाटत असेल.

ती गेल्यावर आठवड्याने पाकीट आलं. आत एक बारीकसं पुस्तक, निळं कव्हर, त्यावर अर्धवट सावलीत बुडालेला ग्रह. विज्ञानकथा. लेखकाचं नाव कधी कानावरून गेलेलं नाही. आता तुला खरं सांगते, आजवर मी ज्याला सगळ्यात जास्त नावं ठेवली तो हाच प्रकार. अंतराळयानं, परग्रहांवरच्या स्वाऱ्या, बोलणारी यंत्रं. छापखान्यात असं काही आलं की मी ते शेजारच्या टेबलावर सरकवायची. पण शब्द दिला होता. पहिली गोष्ट वाचली, बरी वाटली. दुसरी मला कळली नाही, दोनदा वाचूनही. तिसरी एका दुरुस्ती-तळावरची होती. पृथ्वीपासून लांब, अंधारात फिरणारा तळ, आणि त्यावर दोनच माणसं उरलेली: एक तरुण बाई आणि एक लहान मुलगा, जो तिचा मुलगा नाही. ती बाई तळावरून जाणारा प्रत्येक संदेश आधी तपासते. शब्द नीट करते, शब्दांमधली अंतरं सारखी करते, मगच पाठवते. मुलगा लिहितो, मला इथे भीती वाटते. ती ते बदलून करते, येथील परिस्थिती समाधानकारक आहे.

इथवर वाचूनही माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. मग एक परिच्छेद आला. तळावरची उष्णता कमी करावी लागते, मुलाला थंडीने झोप लागत नाही. ती बाई काम संपल्यावर धातू जोडायचं तापलेलं अवजार कापडात गुंडाळते आणि त्याच्या अंथरुणावरून फिरवते, डोक्यापासून पायापर्यंत, आणि मग म्हणते, "चल, उडी मार, निवायच्या आत." मी चष्मा पुसला आणि तेवढं वाक्य पुन्हा वाचलं. आई गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात तू नऊ वर्षांचा होतास. तुझे पाय बर्फासारखे असायचे. मी छापखान्यातून येऊन स्वयंपाक उरकायची, आणि तू झोपायच्या आधी तुझ्या अंथरुणावरून इस्त्री फिरवायची. तेव्हा हेच म्हणायची मी. चल, उडी मार, निवायच्या आत. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही ते ठाऊक नव्हतं. हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, धाकट्या, आणि त्यातली एक मी.

मी उठून धुतलेलंच पातेलं परत धुतलं. मग बारकीला फोन लावला. तिने उचलताच विचारलं, "आत्या, ओळखलंस ना?" मी विचारलं, कधीपासून लिहितो तो? म्हणाली, "मी चौथीत असल्यापासून तरी नक्की. बाबा पहाटे उठून लिहितात. मग दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायला जातात. हे दुसरं नाव घेऊन मासिकांत पाठवतात." मी विचारलं, मला का नाही कधी सांगितलं?  ती हळूच म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं बाबांना. ते म्हणाले, ताईला दाखवलं तर ती ते नीट करून देईल."

बारकीला रागावू नकोस. ती बोलली ते तुला दुखवायला नव्हे आणि मलाही नव्हे. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसले आणि तुझी ती जुनी वही माझ्या डोळ्यांसमोर आली. चौकटींची, गणिताची, तपकिरी कव्हराची. तू तेव्हा चौदाचा होतास. माझ्या वाढदिवसाला सकाळी माझ्या ताटाशेजारी ठेवली होतीस. वर लिहिलं होतं, 'ताईला'. बासष्ट पानं, एका यानाची गोष्ट, मध्ये मध्ये पट्टीने काढलेली चित्रं. मी तीन संध्याकाळी खपून ती तपासली. तेव्हा मला वाटलं होतं की मी तुझ्यासाठी केवढं करतेय. लोकांची पुस्तकं तपासते तितक्याच निगुतीने तुझी वही तपासतेय. लाल पेनाने सगळ्या खुणा केल्या, समासात बरोबर शब्द लिहिले, आणि शेवटच्या पानाखाली लिहिलं: एकूण चुका १४३, शुद्धलेखनाकडे लक्ष दे. तू वही हातात घेतलीस, शेवटचं पान पाहिलंस आणि म्हणालास, "बरं." त्यानंतर ती वही मला कधी दिसली नाही. मीही कधी विचारलं नाही. कित्येक वर्षं मला वाटत होतं की तुझा तो नाद आपोआप सुटला.

त्या यानाचं पुढे काय झालं, ते मला आज सांगता येत नाही. कोण त्यात बसलं होतं, कुठे निघालं होतं, परत आलं की नाही, काही म्हणजे काही आठवत नाही. बासष्ट पानांतला एकेक शब्द मी डोळ्यांखालून घातला होता, आणि तुझी गोष्ट मी वाचलीच नव्हती. माझ्यासाठी लिहिलेली एकुलती एक गोष्ट. मला माफ कर असं लिहिताना ते फार थोडं वाटतं, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, घर, तू, बाबा, नोकरी, सगळं एकदम अंगावर आलं होतं. एखादी गोष्ट बिनचूक राहिली की तेवढ्यापुरतं जग हाताखाली आहे असं वाटायचं. तेच मग हाडीमाशी खिळलं. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाहीये. तुझ्या तळावरच्या त्या बाईला तू माझ्याहून चांगलं ओळखलं आहेस. तिला तू कठोर केलं आहेस, पण दुष्ट केलेलं नाहीस. शेवटी मुलगा स्वतःच संदेश पाठवायला बसतो आणि ती दुसऱ्या खोलीत निघून जाते, तो काय लिहितो ते न बघता. ते पान मी इतक्या वेळा वाचलंय की पुस्तक आता तिथेच उघडतं. मी तशी कधी दुसऱ्या खोलीत गेले नव्हते, रे. तू मला तिथे पाठवलंस.

आता नियमाप्रमाणे सांगते. नवी माणसं आल्यावर त्यांना घाबरणारं जे यंत्र आहे, त्याची गोष्ट मला फार आवडली. ते जेव्हा दार उघडायचं की नाही यावर सहा पानं विचार करतं, तेव्हा मी मोठ्याने हसले. दुसरी गोष्ट अजूनही कळलेली नाही, ती तू मला समजावून सांग. पुस्तक कंडक्टरांना वाचायला दिलंय. त्यांना 'माझ्या भावाचं आहे' असं सांगितलं तेव्हा त्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मग नाव दुसऱ्याचं कसं?" मी म्हटलं, ती मोठी गोष्ट आहे. ते आता तुझी गोष्ट जिन्यात भेटेल त्याला थांबे पुकारल्यासारखी ऐकवत असतात. सेक्रेटरींनी विचारलं, यातून जिंकायचं कसं ते कळतं का!

आणि आता ज्यासाठी बसले ते. परवा बारकी फोनवर बोलता बोलता बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, तुमच्याकडच्या वाचनालयात तुझ्या दुसऱ्या पुस्तकाचं प्रकाशन आहे, त्यावर पहिल्यांदाच तुझं खरं नाव छापलं आहे, आणि तू स्वतः त्यातली एक गोष्ट वाचणार आहेस. तुझ्या कामावरची माणसं येणार आहेत, शेजारी येणार आहेत. मला तू सांगितलेलं नाहीस, आणि का सांगितलं नाहीस ते मला आता कळतं. म्हणून न कळवता येऊन उभी राहण्यापेक्षा विचारते आहे. मी येऊ का? मला पुढे बसवू नकोस, कुणाशी ओळख करून दिली नाहीस तरी चालेल. तुला अजून नको वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही, मी वाट बघेन, माझी तक्रार नाही. पण ये म्हणालास, तर सकाळची गाडी पकडून दुपारच्या आत पोचते.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
ताई